नुआकशोत पाहायचे कोणी?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयात एका निवृत्त गृहस्थांचे पश्चिम आफ्रिकेच्या प्रवासावर व्याख्यान झाले. पडद्यावर चित्रे होती. मॉरिटानियाची राजधानी नुआकशोत, तिच्या एका अंगाला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या अंगाला सहारा. मासळीबाजाराच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या रंगीत लाकडी होड्या, पाहुण्याला एकामागून एक तीन पेले पाजण्याचा चहाचा रिवाज, वाळूच्या टेकड्यांवरची संध्याकाळ. गृहस्थ बोलतही छान होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावरून संग्रामपूर तालुक्यातला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, तिथं पानी कोन भरते?"

सभा हसली. व्याख्याते म्हणाले, गाढवांच्या गाड्यांवर पिंपे ठेवून पाणी विकतात, फार मजेदार दृश्य असते. पोराने पुन्हा विचारले, "अन् गाडी हाकनारा कोन?" याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. आभारप्रदर्शन झाले, चहा झाला, सभा संपली.

तो पोरगा खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली तर खारे पाणी लागते. आमच्या जिल्ह्याच्या त्या भागात गोड पाणी म्हणजे कोणीतरी कुठूनतरी वाहून आणलेले पाणी, हे लहान मूलही जाणते. त्यामुळे वाळवंटातल्या शहराचे चित्र पाहिल्याबरोबर त्याला पहिला प्रश्न पाण्याचा पडला. व्याख्यात्यांना तो पडला नाही, याचा दोष मी त्यांच्या स्वभावाला देत नाही. तो मराठी प्रवासवर्णनाच्या वळणाचा दोष आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

मी स्वतः नुआकशोत पाहिलेले नाही. जे लिहितो ते वाचलेल्यावरून लिहितो, हे आधीच सांगून टाकतो. मॉरिटानिया म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना मॉरिशस ऐकू येते. मॉरिशस हिंदी महासागरात आहे. तिथे गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आपलीही माणसे गेली आणि त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवतात. मॉरिटानिया आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला आहे आणि तिथे आपले कोणीही गेलेले नाही. निदान आपण तसे समजतो.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला, प्रवास मात्र १८५७ च्या धामधुमीतला. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे आणि पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० ची. ही पुस्तके मी आनंदाने वाचली आहेत, वर्गात शिकवलीही आहेत. या प्रवाशांच्या अडचणी दक्षिणेच्या, पैशांच्या, थंडीच्या, भाषेच्या असतात. भटजींना तर बंडात जीव मुठीत धरून पळावे लागले. पण मुक्कामाला गेल्यावर 'तू कोण?' या प्रश्नाला दिलेल्या खऱ्या उत्तरामुळे पाण्याचा घोट नाकारला जाईल, ही भीती या परंपरेच्या पाठीवर नाही. दार उघडणारच, हे गृहीत धरून प्रवास सुरू होतो. ज्याला दार उघडे मिळते त्याचे लक्ष साहजिकच दारापलीकडच्या नक्षीकडे जाते. उंबऱ्याबाहेर कोण उभे आहे, हे पाहण्याचे त्याला कारण पडत नाही.

आपल्याजवळ मात्र एक वेगळे प्रवासवर्णन आहे आणि आपणही त्याला प्रवासवर्णन म्हणत नाही. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेले 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. आपण ते आत्मकथनाच्या कप्प्यात टाकून मोकळे झालो. पण त्यातली प्रकरणे उघडून पाहा, एकेक प्रकरण म्हणजे एकेक प्रवास. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेली, चांगले कपडे घातलेली मुले. जात कळताच मागे सरलेला स्टेशनमास्तर. दुप्पट भाडे घेऊनही गाडी पोरांनाच हाकायला लावणारा गाडीवान. आणि रात्रभर जवळ जेवण असून पाणी नाही म्हणून उपाशी झोपलेली ती मुले. पुढे बडोद्यात पारशाच्या वसतिगृहात पारशी नाव घेऊन राहणे आणि तिथून हाकलले जाणे. १९२९ मध्ये चाळीसगावी टांगेवाल्यांनी नकार दिला म्हणून ज्याला टांगा हाकता येत नाही अशा माणसाच्या हाती जीव देणे आणि पुलावर टांगा उलटणे. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याशी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून उठलेला गलका. यात निसर्गवर्णन नाही, खाद्यपदार्थ नाहीत, विनोदाची पेरणी नाही. प्रत्येक मुक्कामाला एकच प्रश्न आहे : इथे पाणी कोणाचे आणि मी कोण? पुस्तिकेच्या नावातला 'व्हिसा' परदेशाचा नाही. तो आपल्याच मुलखात माणूस म्हणून फिरण्याचा परवाना आहे.

त्या पोराने वाचनालयात विचारलेला प्रश्न या परंपरेतला होता. त्याने ही पुस्तिका तोवर वाचलेली नव्हती.

आता नुआकशोत. हे शहर प्राचीन नाही. १९५८ पर्यंत तिथे एक जुने फ्रेंच ठाणे आणि लहानशी वस्ती होती. मॉरिटानियाचा कारभार तोवर आजच्या सेनेगलमधल्या सेंट लुई गावातून चाले. देश स्वतंत्र होणार, तेव्हा त्याला स्वतःच्या भूमीवर राजधानी हवी, म्हणून वाळूत शहराचा पाया घातला गेला. २८ नोव्हेंबर १९६० ला स्वातंत्र्य आले आणि मोख्तार उल्द दद्दाह पहिले अध्यक्ष झाले. नकाशा काही हजार माणसांसाठी काढलेला होता. मग सत्तरीच्या दशकात भीषण दुष्काळ पडले. गुरे मेली, भटक्यांचे तांडे मोडले, धन्याला स्वतःचेच पोट भरेना तेव्हा त्याच्या तंबूतले गुलामही सुटले किंवा सोडले गेले, आणि हे सारे राजधानीच्या कडेला येऊन बसले. आज शहरात दहा लाखांहून जास्त माणसे आहेत. सेनेगल नदीचे पाणी लांबून नळाने आणण्याची मोठी योजना २०१० च्या सुमारास झाली. तरीही नळ ज्या वस्तीपर्यंत पोचत नाही तिथे गाढवगाडीच धावते.

त्या वस्त्यांना तिथल्या हस्सानिया अरबीत दोन शब्द आहेत. एक 'केब्बा', म्हणजे कचरा टाकण्याची जागा. दुसरा 'गझरा', म्हणजे बळकावलेली जमीन. हे दोन शब्द वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आपल्याकडे गायरानावर दोन पिढ्या कसणाऱ्याला सातबाऱ्यावर काय म्हणतात? अतिक्रमक. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते ह्याच एका शब्दाविरुद्ध. जमीन मागणाऱ्याचे नाव आधीच चोर म्हणून लिहून ठेवायचे, म्हणजे त्याच्या मागणीला उत्तर द्यावे लागत नाही. सरकारी दप्तराची ही कला सहाऱ्यातही तीच आहे.

नुआकशोत साहित्यात आले ते मात्र एका फ्रेंच वैमानिकाच्या हातून. आंत्वान द सेंतएक्झुपेरी हा टपालाची विमाने घेऊन या किनाऱ्यावरून उडत असे. त्याचे १९३९ चे 'तेर देझोम' हे पुस्तक (मी ते इंग्रजीतून वाचले) जगभर नावाजलेले आहे. विमान अडल्यामुळे हे वैमानिक एका रात्री नुआकशोतच्या ठाण्यावर येतात. तिथे एक म्हातारा फ्रेंच सार्जंट पंधरा सेनेगली शिपायांसह एकटा राहतो. माणसे दिसल्याबरोबर त्याला रडू येते. मागच्या खेपेला कप्तान आला तेव्हा त्याला पाजायला मद्य उरले नव्हते, ही खंत तो बोलून दाखवतो. प्रसंग हृद्य आहे, वाचताना माझाही गळा दाटला. पण पंधरा माणसे सोबत असताना हा सार्जंट 'एकटा' कसा? लेखकाला हा प्रश्न पडत नाही. त्या पंधरांची ओळख एवढीच, की ते पंधरा आहेत.

याच पुस्तकात बार्कची गोष्ट आहे, आणि दलित समीक्षेने तिच्याकडे पाहिलेच पाहिजे असे मला वाटते. ती नुआकशोतची नाही, बरीच उत्तरेकडे केप ज्युबीच्या ठाण्यावरची आहे. पण वाळवंट तेच आणि व्यवस्थाही तीच. मूर टोळ्या आपल्या सगळ्या काळ्या गुलामांना 'बार्क' म्हणत. म्हणून हाही बार्क. पण हा एक गुलाम हट्टाने सांगत राहतो, की मी माराकेशचा मोहम्मद बिन लहूसिन आहे, कळप हाकण्याचे काम होते माझे. वैमानिक पैसे जमवून त्याला धन्याकडून विकत घेतात, मोकळा करतात आणि विमानाने अगादिरला पाठवतात. तिथे तो रस्त्यांवरून फिरतो, चहा पितो, पण कोणाचे त्याच्यावाचून काही अडत नाही, हे त्याला टोचत राहते. शेवटी जवळचा सारा पैसा खर्चून तो गल्लीतल्या पोरांना जरीच्या सपाता वाटून टाकतो.

आपल्या समीक्षेत सहानुभूती आणि स्वानुभूती यांचा वाद जुना आहे. बार्कचे प्रकरण सहानुभूतीची उंचीही दाखवते आणि तिची भिंतही. उंची अशी, की नाव हिरावून घेणे हाच गुलामगिरीचा गाभा, हे या गोऱ्या लेखकाने अचूक ओळखले. आपल्याकडे माणसाचे नाव दगड्या, धोंड्या, कचऱ्या ठेवण्यामागे हेच होते. आणि भिंत अशी, की सपाता वाटणाऱ्या मोहम्मदच्या मनात काय चालले होते ते लेखक स्वतःच सांगून टाकतो. मोहम्मदला बोलू देत नाही. दातृत्वाचे एक सुंदर चित्र तयार होते आणि वाचक समाधानाने पान उलटतो. ठाण्याभोवतीच्या तंबूंतल्या उरलेल्या बार्कांचे काय, हे विचारायचे राहून जाते.

तरी त्याच लेखकाने लिहिलेले एक दृश्य मला त्याहून मोलाचे वाटते. गुलाम म्हातारा झाला, अन्नवस्त्राइतकेही काम होईना, की धनी त्याला 'मुक्त' करतो. तो तंबूतंबूंतून काम मागत फिरतो, कोणी ठेवून घेत नाही, आणि शेवटी वाळूवर निजून मरतो. जवळच पोरे खेळत असतात.

इथे मला बाबासाहेबांच्या एका विचाराशी थोडे थांबावे लागते. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी दाखवले, की गुलाम ही धन्याची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात धन्याचा स्वार्थ तरी होता. अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. रोमच्या इतिहासातले दाखले त्यांनी दिले आणि त्या दाखल्यांपुरता तो युक्तिवाद बिनतोड आहे. पण सहाऱ्यातला हा म्हातारा त्यात बसत नाही. त्याच्या बाबतीत मालमत्तेचा स्वार्थ संपला तिथेच जबाबदारीही संपली. शिवाय इथली गुलामगिरी आईच्या रक्तातून मुलाकडे जाते. लढाईत पकडलेला किंवा बाजारात घेतलेला गुलाम हा तिचा आरंभ असेल; पुढे ती जन्मानेच चालते. आणि सुटका झालेल्याच्या वंशजांना त्या समाजात वेगळे नाव आहे : हरातीन. भाषा धन्याची, धर्म धन्याचा, कायद्याने मोकळे, पण लग्न, मान आणि जमीन यांच्या वेळी पुन्हा गुलामाची अवलाद. मग ही गुलामगिरी की जात? बाबासाहेबांच्या हाती हे पुरावे असते तर त्यांनी दोन रकाने वेगळे ठेवले नसते, असे मला वाटते. हे कोणाला धाडस वाटले तर वाटो. बाबासाहेबांचे वाचन पुढे नेणे आणि त्यांचे वाक्य देव्हाऱ्यात ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कायदे झाले नाहीत असे नाही. मॉरिटानियाने १९८१ साली गुलामगिरी रद्द केली, जगात बहुतेक सर्वांत शेवटी. त्या वटहुकुमात नुकसानभरपाईचे कलम होते, आणि ती भरपाई धन्याला होती! गुलाम ठेवणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरायला २००७ साल उजाडले आणि २०१५ मध्ये आणखी कडक कायदा आला. भरपाईचे वाचून मला पश्चिम महाराष्ट्रातले महार वतन आठवले. १९५८ च्या कायद्याने ते रद्द झाले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन परत आपल्या नावावर करून घेण्यासाठी सरकारात पैसे भरायचे होते ते महारानेच. मुक्तीचे बिल कोणाच्या नावावर फाडतात, एवढे पाहिले तरी कायद्याची अर्धी परीक्षा होते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. हरातीन समाजातून 'अल-हुर' ही मुक्तीची चळवळ १९७८ साली उभी राहिली. त्याच वाटेवरचा पुढचा कार्यकर्ता बिराम दाह आबेद. २७ एप्रिल २०१२ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, नुआकशोतच्या रियाध भागात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मालिकी धर्मशास्त्राचे ग्रंथ जाहीरपणे जाळले. या ग्रंथांत गुलाम ठेवण्याचे, विकण्याचे नियम आहेत आणि त्यांचाच आधार घेऊन धनी आपले समर्थन करतात, हे त्याचे कारण. देशभर मोर्चे निघाले, देहदंडाची मागणी झाली, त्याला अटक झाली आणि काही महिन्यांनी तो सुटला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याला संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. नंतर पुन्हा तुरुंग घडला. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन अध्यक्षीय निवडणुका त्याने लढवल्या आणि तिन्हींत दुसरा आला.

महाडची २५ डिसेंबर १९२७ ची रात्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर वेगळे भाष्य नको. पण साम्य दिसताच टाळ्या वाजवून थांबणे हा आपल्या सभांचा रोग आहे. फरकही पाहू. महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्ध्यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने. बाबासाहेबांनी अखेर १९५६ साली तो धर्मच सोडला. बिराम धर्म सोडत नाही. ग्रंथ हा धनिकांच्या पंडितांनी रचलेला, इस्लाम वेगळा, अशी त्याची भूमिका आहे. तो आतून भांडतो. यातले कोणते बरोबर, हे बुलढाण्यात बसून मी ठरवणार नाही. ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्यानेच ते कुठे टेकायचे ते ठरवावे.

दुसरी घटना अधिक काळी आहे. मूर समाजात विद्वान आणि योद्धे वर, गवय्ये आणि लोहार खाली. लोहार जातीतले पुरुष लोखंडाचे, चांदीचे काम करतात आणि बायका चामड्याचे. वस्तू सर्वांना हवी असते, पण करणारा हलका. या जातीतल्या मोहम्मद शेख उल्द मखैतिर या तरुणाने एक लेख लिहिला. धर्म, धार्मिकता आणि लोहार यांच्यावर. जातीचा अन्याय धर्माच्या नावाने कसा चालतो, एवढेच त्याला विचारायचे होते. डिसेंबर २०१४ मध्ये त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला. २०१७ मध्ये शिक्षा दोन वर्षांवर आली, तरी तो प्रत्यक्ष बाहेर पडला २०१९ च्या जुलैत. एका लेखासाठी साडेपाच वर्षे. आपल्यापैकी जे अंकाला लेख पाठवायला चार महिने उशीर करतात त्यांनी हे लक्षात ठेवावे. मीही त्यांतलाच.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण हा अंक कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. या हकिगती ऐकून 'पाहा, मुसलमान असे असतात' म्हणणारे आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांना मखैतिरचे दुःख नको असते. त्यांना फक्त शेजाऱ्यावर फेकायला दगड हवा असतो. दौलताबादच्या हौदावर ओरडणारे मुसलमान होते, हे बाबासाहेबांनी लपवले नाही; पण ते लिहिताना चाळीसगावचा टांगाही लपवला नाही. उलट, समतेचा धर्म आहे म्हणून तिथे जात असूच शकत नाही, असे म्हणणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांनाही नुआकशोत अडचणीचे आहे. दोघांचीही अडचण होऊ द्यावी.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नावही अमेरिकेतूनच घेतले. त्या नात्याने आपल्या साहित्याला बळ दिले, यात शंका नाही. पण त्यामुळे काळा माणूस म्हणजे अमेरिकेतला, असा आपला समज झाला. मेद होंदो हा मॉरिटानियातल्या अतार गावी १९३६ साली जन्मलेला माणूस फ्रान्समध्ये स्वयंपाकी झाला, गोदीत हमाल झाला आणि मग १९७० साली त्याने 'सोलेई ओ' हा चित्रपट काढला. पॅरिसमध्ये काम आणि खोली शोधणाऱ्या काळ्या स्थलांतरिताची ती हकिगत आहे. काम मागायला गेल्यावर मिटणारी दारे त्याने लावली आहेत ती आमच्या बडोद्याच्या वसतिगृहाच्या दारासारखीच. आमच्या चित्रपट मंडळांत तो दाखवलेला मी ऐकलेला नाही.

व्याख्यानानंतर महिन्याभराने आम्ही वर्गाची सहल दौलताबादला नेली. बुलढाण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. तो संग्रामपूरचा पोरगा बरोबर होता, पुस्तिका आता त्याच्या पिशवीत होती. किल्ल्याच्या दाराशी त्याने दाखवायला आलेल्या माणसाला विचारले, १९३४ सालचा तो हौद कोणता? त्या माणसाने तोफेची माहिती सांगितली, अंधाऱ्या वाटेची सांगितली, मिनाराची उंची सांगितली. हौदाचे त्याला कोणी कधी विचारलेच नव्हते. पोरगा दोन-तीन ठिकाणी जाऊन वाकून पाहून आला. मग मुलांनी आपापल्या बाटल्यांतले पाणी पिऊन घेतले आणि आम्ही वर चढायला लागलो.